फटफटी नामा मिस्त्रीस मिळू नये म्हणून

मौजे चौक, पेटा खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा येथे राहणारा कोंडाजी धोंडी घारे, जात कुणबी, धंदा गवताची वखार व शेती, आज आपल्या घराच्या ओटीवर, खाटेवर बसून, बापूराव टिपणीस दस्तलेखक यांच्या हातून हा शेवटचा कागद लिहवून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कान शाबूत आहेत. डोळे तर पाहिजेत त्याहून जास्त शाबूत आहेत. छातीत पाणी भरते आणि पाय सुजतात. कर्जतचे डॉक्टर तोंडाने काही बोलले नाहीत, पण त्यांनी औषध बदलायचे थांबवले, त्यावरून मी काय ते समजलो. मी नशेत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. रागावलेला मात्र आहे. राग शुद्धीच्या आड येत नाही असे टिपणीस म्हणतात, तेव्हा तोही लिहावा.

कलम १. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. तोंडी मात्र पुष्कळ बोललो आहे. विशेषतः नामा मिस्त्रीला मी एकदा खोपोलीच्या वाटेवर म्हणालो होतो, 'माज्यामागं ही फटफटी तुजीच रं नाम्या.' ते शब्द रद्द समजावेत. त्या दिवशी नवे इंजिन न थांबता बोर घाट चढून गेले होते आणि मी फार आनंदात होतो. माणूस आनंदात असताना शुद्धीवर असतो की नाही, हे कोर्टाने पाहावे.

कलम २. पाताळगंगेच्या काठचे भाताचे शेत वाडवडिलांचे आहे. ते माझ्या थोरल्या भावाचा मुलगा पोपट यास. तो ते कसणार नाही. बांधावर उभा राहून विडी ओढत तो गावाला सांगेल की काकाने मला नुसता चिखल दिला. त्याने खुशाल सांगावे. बैलजोडी त्यास देऊ नये. ती पोशा ठाकूर यास द्यावी. इर्शाळगडाच्या पायथ्याच्या वाडीवरून पोशा आणि त्याची बायको भागी हंगामात माझ्या वखारीसाठी गवत कापतात. पोशा बैलांना नावाने हाक मारतो. पोपट त्यांना काठीने हाक मारतो.

कलम ३. आता फटफटी. टिपणीसांनी घराची चतुःसीमा लिहून घेतली, शेताची घेतली आणि हाताच्या सवयीने फटफटीचीही विचारली. मी सांगितली. पूर्वेस नामा, पश्चिमेस नामा, उत्तरेस नामा, दक्षिणेस गोठ्याची भिंत. ते लिहायला तयार होईनात. पण ही मिळकत आजवर याच चतुःसीमेत राहिली आहे, तेव्हा लिहा म्हणालो.

नामा म्हणजे नामा जयवंता ठोंबरे. आमच्याच आळीतला, आमच्याच जातीचा, वयाने माझ्याहून लहान. त्याची बायको वारल्याला बराच काळ झाला. लढाईच्या वर्षांत तो लष्कराच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या तळावर फिटर होता, आणि परत आला तो मिस्त्री होऊन. मी गवत विकतो. मुंबईच्या तबेल्यांना आणि घोडागाड्यांना माझ्या गासड्या जातात. नामा ज्या वस्तू दुरुस्त करतो त्या गवत खात नाहीत. एवढ्यावरूनही आमचे वैर होऊ शकले असते, पण झाले नाही. दर संध्याकाळी मीच त्याला ओटीवर बोलावून चहा पाजत असे. त्याच्या लढाईच्या गोष्टी ऐकत असे. दुसऱ्या कोणाच्या ओटीवर तो बसलेला दिसला तर मला बरे वाटत नसे.

लढाई संपली आणि लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या. मी मुंबईला जाऊन एक विलायती फटफटी घेतली. ती लढाईच्याही आधीची होती. रंग उडालेला, दिव्याची काच फुटलेली, पण चालत होती. चौक गावात फटफटी आणणारा पहिला माणूस मी. हे कुठेतरी लिहिलेले राहावे, कारण आता कोणाला ते आठवत नाही.

माझी बायको इंदूबाई हिने नवस केला होता की गाडी घाट चढून सुखरूप गेली तर घाटातल्या शिंग्रोबा देवाला नारळ फोडीन. शिमगा झाल्यावर आम्ही दोघे निघालो. ती मागे कासोटा आवळून बसली, बैलगाडीच्या धुरेवर बसते तशी घट्ट. घाटात गाडी तापली, धापा टाकू लागली, तरी शिंग्रोबापर्यंत पोचली. मी उतरून पाय मोकळे करू लागलो. इंदूने दगडावर नारळ फोडला, देवाला पाणी दाखवले आणि वळून उरलेले सगळे पाणी फटफटीच्या इंजिनावर ओतले. लांबून आलेल्या बैलाच्या पायांवर आमच्याकडे पाणी घालतात, अगदी तसे. 'लय दमली गं बापडी,' असे म्हणत ओतले. तापलेले लोखंड टण्ण करून वाजले. शिलिंडर वरपासून खालपर्यंत तडकला.

मी तिला जे बोललो ते टिपणीसांना सांगितले, पण त्यांनी लिहिले नाही. वाटसरू थांबले होते, लॉरीवाले थांबले होते. त्यांतल्याच एका लॉरीवाल्याच्या हाती मी नामाला निरोप पाठवला. तो आला. त्याने वाकून तडा पाहिला, त्यावरून बोट फिरवले.

'बग रं नाम्या, ह्या बाईनं काय करून ठेवलंय ते,' मी म्हणालो.

इंजिनावरची नजर न काढता तो म्हणाला, 'वयनी, तुमी बैलाची माया केलीत. लोखंडाला एवडी माया सोसत नाय, एवडंच. वायट नका वाटून घेऊ.'

हे वाक्य मला आजपर्यंत पचलेले नाही. फटफटी माझी, बायको माझी, नारळ माझ्या घरचा, आणि वाक्य मात्र त्याचे. ते मला सुचायला हवे होते. नंतर मी ते मनातल्या मनात माझ्या आवाजात बोलून पाहिले. छान वाटत होते. पण तोपर्यंत इंदू घाट उतरता उतरता पदराने डोळे पुसत होती, आणि मला समजून चुकले होते की ती आता माझ्या बोलण्याने रडत नाही, त्याच्या बोलण्याने रडते आहे. या दोन रडण्यांतला फरक नवऱ्याला बरोबर कळतो.

नामा त्या बंद फटफटीवर बसला आणि नुसत्या ब्रेकवर वळणामागून वळण उतरत खोपोलीला गेला. माझी ती छाती झाली नसती. इंदू प्रत्येक वळणावर वाकून बघत होती, 'पडंल गं बाई' म्हणत होती. मी चालता चालता ठेचकाळलो तेव्हा तिने मागे वळूनही पाहिले नाही.

खोपोलीहून फटफटी बैलगाडीत घालून आणली, ती आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत उतरवली आणि त्या दिवसापासून पडवी नामाची झाली. त्याने इंजिन खोलले. इंदूने आपले जुने लुगडे जमिनीवर अंथरून दिले आणि त्याने त्यावर एकेक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडला. रॉकेलची चणचण होती, तरी भाग धुवायला तिने दिव्यातले रॉकेल दिले. आम्ही चुलीच्या उजेडात जेवू लागलो. बेअरिंगच्या बारीक गोळ्या हरवू नयेत म्हणून तिने भाकरीची परात दिली. माझी भाकरी त्या परातीत मळली जात होती. पुढे कित्येक दिवस ती काथवटीत मळली गेली. एकदा मी ताट सरकवून म्हणालो की भाकरीला रॉकेलचा वास येतोय. ती म्हणाली, 'परात तर तकडं पडवीत हाय. वास येल कुटनं?' मला मात्र येत होता.

तडकलेला शिलिंडर सांधता येईना आणि तसलाच दुसरा मिळेना. नामा मुंबईच्या जुन्या लोखंडाच्या बाजारात खेटे घालत राहिला आणि शेवटी दुसऱ्याच कुठल्या जातीच्या फटफटीचा शिलिंडर घेऊन आला. तो जरा रुंद होता. मग त्यात बसेल असा पिस्टन शोधला. बूड जुळेना म्हणून कानस घेऊन बसला. वरच्या सांध्यात घालायला तांब्याची चकती लागत होती, ती त्याने आमच्या देवघरातले फुटके ताम्हन कापून केली. ताम्हन इंदूने दिले. मला विचारले नाही असे नाही. विचारले, पण देऊन झाल्यावर.

मी रोज पडवीच्या दारात उभा राहत असे. मदत करावी असे मनात येई, पण मला पान्हा धरता येत नाही आणि त्याला मदत लागत नाही. खंडेनवमीला इंदूने हत्यारांची पूजा मांडली. पाटावर पुढे नामाचा पान्हा, त्याला झेंडूचे मोठे फूल. माझा गवत कापायचा कोयता मागे, समईच्या आडोशाला. मी कोयता उचलून पुढे ठेवला. परत आलो तर तो पुन्हा मागे. ती म्हणाली, 'धार लागंल कुनाला.' पान्ह्याला धार नसते, हे खरे आहे, म्हणून मी कोयता तिथेच राहू दिला.

इंजिन सुरू झाले तेव्हा सगळी आळी जमली होती. नामाने लाथ मारली. एका लाथेत ती बोलू लागली. मग ती बंद करून मी मारली. तिने उलटा झटका दिला आणि माझी नडगी फोडली. आळी हसली. इंदू हळद घेऊन धावत आली, पण हसत आली.

नव्या पिस्टनला सुरुवातीला दमाने चालवावे लागते. नामा म्हणाला, 'दादा, तुमी दमानं घेनार नाय. मी तिचं अंग मोकळं करून देतो.' आणि माझे रेशनचे पेट्रोल घालून तो बैलगाडीच्या चालीने चौकहून कर्जतला, कर्जतहून खालापूरला हिंडत राहिला. इतका हळू की वाटेवरच्या प्रत्येकाला त्याचे तोंड नीट पाहता यावे. थोड्याच दिवसांत सगळा मुलूख तिला नामाची फटफटी म्हणू लागला. पुढे मी स्वतः ती घेऊन कर्जतच्या बाजारात गेलो, तर एक भाजीवाली मला म्हणते, 'नामा मिस्त्रीची फटफटी तुमी कशी आनलीत? बरा हाय ना त्यो?' मी तिच्याकडची वांगी परत ठेवली.

मग त्याने ती माझ्यासाठी बदलायला घेतली. वखारीत अंगावर गासडी पडल्यापासून माझा उजवा गुडघा वाकत नाही. त्याने पायाचा ब्रेक माझ्या चांगल्या पायाकडे नेला. मी बुटका, म्हणून बैठक खाली घेतली. हँडल मागे वाकवले. लाथेचा दांडा लांब केला. आवाजाने बाजारातले बैल बुजतात म्हणून धुराचा नळ लांबवला. आता ती माझे ऐकते, पण नामाचे आधी ऐकते. तो ताडमाड उंच. तो तिच्यावर बसला की त्याचे गुडघे कानाला लागतात आणि तो थेट माकड दिसतो. तरी लोक त्याच्याकडेच बघतात.

शेवटी शायडकार. मी सांगितले होते की गवताचे नमुने आणि पोती न्यायला बाजूला एक पेटी जोड. त्याने जुन्या बैलगाडीच्या लाकडाची पेटी केली, खाली चाक लावले आणि बाहेरच्या अंगाने एक पायरी ठोकली.

'पोत्याला पायरी कशाला रं?' मी विचारले.

'वयनी बसतील कदी,' तो म्हणाला.

ती पायरी आमच्या जोत्याच्या पायरीएवढीच उंच होती, मापाने घेतलेली. नवरा मी. तिला पेटीत चढायला पायरी लागेल हे माझ्या डोक्यात आले नाही आणि त्याच्या आले. त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडले म्हणून सांगितले.

आणि या पावसाळ्यानंतर मी आजारी पडल्यावर त्याच शायडकारात बसवून नामाने मला डॉक्टरकडे नेले. फटफटीवर माझ्या जागी तो आणि पोत्याच्या जागी मी. खड्डा आला की तो थांबून हळूच चाक उतरवी. रस्त्यावरची माणसे त्याला रामराम करीत आणि माझ्याकडे बोट दाखवून त्यालाच विचारीत, 'कसं हाय म्हाताऱ्याचं?' मी पन्नाशीचा आहे.

कलम ४. सबब सदर फटफटी नामा मिस्त्रीस कोणत्याही वाटेने मिळू नये, अशी माझी इच्छा आहे. वाटा पुष्कळ आहेत, म्हणून टिपणीसांना बसवून एकेक बंद करू लागलो. पोपटला द्यावी, तर तो आठ दिवसांत नामाला विकेल. पुण्याकडच्या कोणाला विकावी, तर ती घाटात बंद पडेल आणि बोलावणे नामालाच येईल. पडवीत कुलूप लावून गंजत ठेवावी, तर इंदू दसऱ्याला तिची पूजा करणार आणि पूजेआधी पुसायला नामाला हाक मारणार. माझ्याबरोबर चितेवर ठेवा म्हणालो. टिपणीस म्हणाले, लोखंड जळायचे नाही, पेट्रोल मात्र भडकेल आणि तुमचे खांदेकरी पळतील.

मग मी म्हणालो, ती खोलून भाग वाटून टाका. चाके नागू चहावाल्याला, टाकी पोशाला, हँडल पोपटला, इंजिन देवळाच्या विहिरीत. बोलता बोलताच मला दिसू लागले की नामा ते भाग गोळा करीत घरोघर फिरतो आहे, विहिरीत गळ टाकून बसला आहे. प्रत्येक घरात त्याला बसवून घेतात, चहा देतात, माझी चौकशी करतात. मी मेल्यावर माझीच फटफटी त्याला गावभर चहा पाजणार. हेही खोडले.

तेव्हा टिपणीसांच्याच तोंडून एक गोष्ट निघाली. ज्याला कागदात काही मिळणार आहे त्याची त्याच कागदावर साक्ष ते घेत नाहीत, असा त्यांच्या लेखणीचा शिरस्ता आहे. मी त्याचा उलटा अर्थ काढला. ज्याची साक्ष घेतली त्याला काही मिळणार नाही. ताबडतोब पोशाला नामाकडे पिटाळले की दादाने साक्षीला बोलावले आहे, असशील तसा ये.

कलम ५. राहते घर, आणि वखार गासड्या आवळून बांधण्याच्या दाबयंत्रासह, माझी बायको इंदूबाई हिला. आम्हाला मूलबाळ नाही. अट पुढीलप्रमाणे. आमच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागतो आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. पण इंदूबाईने माझ्यामागे पाट लावल्यास घर व वखार पोपटकडे जावी. दूरच्या गावात लावल्यास स्वयंपाकाची भांडी तिची. नामा मिस्त्रीशी लावल्यास परातसुद्धा नाही.

हे कलम टिपणीसांनी मला वाचून दाखवले. त्यांची वाचायची तऱ्हा कोर्टातली आहे, आवाज परसापर्यंत जातो. इंदू पिठाच्या हातांनी बाहेर आली. यापुढे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहवून घेतो, कारण पुढचे कलम त्यातूनच निघाले.

'परात बी नाय?' ती म्हणाली.

'नाय.'

'काय बगितलंत तुमी आमच्या दोगांत?'

मी सगळे सांगितले. बैलाची माया, परात, ताम्हन, कोयता, पायरी. सांगताना मला दम लागला, पण मी काही गाळले नाही.

मग ती म्हणाली, 'एवडे दिवस त्यो पडवीत बसला. कदी मान वर करून माज्याकडं पायलं नाय त्यानं. पानी मागायचा ते बी भुईकडं बगून. त्यो फटफटीकडं बगतो, आन तुमी त्याच्याकडं बगता. त्यो कुटं बसला, काय बोलला, कुनाकडं चा प्याला, समदं तुमाला ठावं. आन माज्याकडं वो? माज्याकडं कोन बगतो?'

टिपणीसांनी लेखणी थांबवली. मी म्हणालो, लिहा.

'त्याच्या डोळ्यांत भरलीय फटफटी,' मी म्हणालो. 'सोतासाटी घडवलीय त्यानं ती.'

'सोतासाटी?' ती हसली, पण ते हसणे मला आवडले नाही. 'सोतासाटी घडवली असती तर गुडगे कानाला लागले असते का त्याचे? तुमच्या गुडग्याला, तुमच्या हाताला, तुमच्या उंचीला बेतलीय त्यानं. दुसऱ्या कुनाला धड बसता येत नाय तिच्यावर. एवडं माप शिंप्यानं बी घेतलं नसंल तुमचं.'

नामाचे गुडघे मी इतके दिवस बघत होतो, त्यांची टिंगल करत होतो, आणि ते तसे का वर येतात हे माझ्या मनात आले नव्हते. मी ओरडलो, 'मंग तुला काय पायजे ते तरी सांग! कागद हुतोय!' ओरडून का होईना, हे मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा विचारले.

तिने पदराला हात पुसले आणि ती उंबऱ्यावर बसली. विचार करावा लागला नाही तिला.

'फटफटी,' ती म्हणाली.

'काय करशील तिचं?'

'चालवीन. वखार माज्यावर टाकताय ना? मंग कर्जतच्या ठेसनावर गासड्यांमागं कोन जाईल? पोपट? गाडी मी परकर नेसत व्हते तवापासनं हाकते. हिला तर बैल बी नायत.' मग म्हणाली, 'आन पाटाचं. लावायचा का नाय, कुनासंगं लावायचा, ते माजं मी बगीन. लय झालं तर लावनार बी नाय. पर ते तुमच्या कागदात नको. नायतर ह्ये घर बी नको मला, आन परात बी नको.'

तेवढ्यात नामा आला. आधी पडवीकडे वळला, फटफटीच्या टाकीवर हात ठेवला, आणि मग ओटी चढला. इंदू उंबऱ्यावरून उठून उभी राहिली. मी त्याच्या डोळ्यांवर पाळत ठेवली. त्याने इंदूकडे पाहिले नाही. टिपणीसांकडेही नाही. तो माझ्या खाटेशी उकिडवा बसला आणि माझ्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिला.

'सूज वाडलीय, दादा,' तो म्हणाला. 'ब्रेकचा दांडा आनखी खाली घ्याया पायजे. उद्या घेतो.'

मी आता त्या फटफटीवर पुन्हा बसणार नाही हे आळीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. तरी तो दांडा खाली घेणार आहे. मला रडू आले, ते खोकल्यात घालवले.

कलम ६. कलम ५ मधील अट रद्द. घर, वखार आणि परात इंदूबाईची, बिनशर्त. वरचा मजकूर टिपणीसांनी खोडू नये. मी जळत होतो हे खरे आहे, अजूनही जळतो आहे, आणि खरे ते कागदावर राहावे.

फटफटी शायडकारासह इंदूबाई हिची. आज ती माझ्या मापाची आहे. ती नामा मिस्त्रीने पुन्हा खोलून इंदूबाईच्या मापाची करून द्यावी. बैठक, हँडल, ब्रेक, लाथेचा दांडा, सगळे. रॉकेल आणि पेट्रोल घरातून द्यावे. नामा मिस्त्रीस त्यातला एक खिळाही मिळणार नाही. तो साक्षीदार आहे.

मापे अंदाजाने घेऊ नयेत आणि जोत्याच्या पायरीवरूनही घेऊ नयेत. तिला फटफटीवर बसवून, समोर उभे राहून घ्यावीत. त्यासाठी त्याला मान वर करून तिच्याकडे नीट बघावे लागेल. त्याने बघावे. माझी याला हरकत आहे. पण ती हरकत मी माझ्याबरोबर नेतो आहे, मागे कोणाच्या नावावर ठेवत नाही.

हा कागद मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, नामा आणि दुसऱ्या साक्षीसाठी मागाहून बोलावलेला नागू चहावाला या साक्षीदारांच्या समक्ष, मोठ्या आवाजात वाचून दाखवला. तो मी ऐकला, इंदूबाईने ऐकला, नामाने ऐकला. मला कबूल आहे, म्हणून खाली सही करतो.

ठिकाण: मौजे चौक, पेटा खालापूर, जिल्हा कुलाबा
तारीख: २१ डिसेंबर १९४८

सही: कोंडाजी धोंडी घारे

साक्षीदार:
१. नामा जयवंता ठोंबरे, मिस्त्री, राहणार चौक
२. नागू बाळू पिंगळे, चहावाले, राहणार चौक

दस्तुर: बापूराव टिपणीस, दस्तलेखक, मुक्काम खालापूर